दिव्यावर ठेवलेली बाटली

ट्रॉली जागेवर नव्हती.

तीन नंबरच्या मशीनचं दार सताड उघडं, आत नुसती ओली गरम हवा, आणि जिथं ट्रॉली उभी होती तिथं फरशीवर चाकांचे दोन पट्टे. मी मशीनच्या मागं पाहिलं. मग वाकून खाली पाहिलं, जशी काही माणसाएवढी उंच ट्रॉली खाली सांडून जाते. मग चार नंबरचं दार उघडलं, पाच नंबरचं उघडलं, आणि जिथं तिथं अंडी, अंडी, अंडी, सगळी एका तोंडाची. आणि त्या गायब ट्रॉलीतल्या कुठल्या तरी खाचेत, अंड्यासारखीच उभी करून ठेवलेली, माझ्या नवऱ्याची बाटली.

दारूची नाही हो. दारूची असती तर मी एवढी घाबरले असते का? सांगते कशाची ते, पण जरा दम घेऊ द्या. आता एवढे दिवस झाले तरी ते उघडं दार आठवलं की लिहितानाच मी "अगं बाई" म्हणते, आणि पोरगी मांडीवर आहे, ती पण दचकून बघते माझ्याकडं.

मी रेखा. नवापूरच्या बाहेर हायवेला लागून एक हॅचरी आहे, तिथं कामाला आहे. हा अंक काढणाऱ्या ताई म्हणाल्या, कामाला कधी लागलीस, पगार किती, ते काही नको, काय काय घडलं ते लिही. माझी शाळा सातवीत सुटली, त्यामुळं मी बोलते तसंच लिहिते, चुकलं तर ताई बघून घेतील.

हॅचरी म्हणजे पिल्लं काढायचा कारखाना. कोंबडी एकही नसते तिथं. फार्मवरून अंडी येतात, ती आधी थंड खोलीत ठेवतात, म्हणजे ती झोपून राहतात. मग ट्रेमध्ये लावून ट्रॉलीवर चढवायची आणि सेटरमध्ये ढकलायची. सेटर म्हणजे खोलीएवढी मशीन, आत माणसाच्या अंगाएवढी गरमी, कमी नाही जास्त नाही. अर्धी डिग्री वाढली तरी आमचे सुपरवायझर दिलीपभाऊ असे पळतात जसं त्यांच्याच घराला आग लागली. मशीन आपोआप ट्रे हलवते, एकदा या कुशीवर, एकदा त्या कुशीवर, कोंबडी पायानं हलवते तसं. एकविसाव्या दिवशी पिल्लू. पण त्याच्या तीन दिवस आधी अंडी बाहेर काढून अंधाऱ्या खोलीत दिव्यावर धरून बघायची. दिवा खाली, अंडं वर. पिल्लू असलं तर आत काळं दिसतं, कडेनं लाल रेघा. काहीच नसलं तर अंडं नुसतं उजेडानं भरतं, पिवळं, स्वच्छ. त्याला आम्ही क्लेर म्हणतो. क्लेर निघालं की उचलायचं आणि बाजूला टाकायचं.

तेच माझं काम. दिवसभर दिव्यावर अंडी बघायची आणि क्लेर निघालं की टाकायचं. आणि माझ्या लग्नाला चौथं वर्ष लागलं होतं आणि घरात पाळणा नव्हता. आता सांगा, देवानं काम पण कसं बघून दिलं.

तिथल्या बाया फार चांगल्या, पण फार वात्रट. त्यांनी एक शकुनच काढला होता. पिल्लं निघायच्या दिवशी टोपल्यातलं पहिलं पिल्लू उचलायचं आणि जिला दिवस राहत नाहीत तिच्या ओटीत टाकायचं. दर वेळी मीच. दर वेळी ते ओलं पिल्लू माझ्या ओटीत बसायचं, चिव चिव करायचं आणि घाण करायचं. मग सगळ्या टाळ्या वाजवायच्या, "शकुन! शकुन!" मी म्हणायचे, शकुन तुमचा आणि कपडे मी धुते. पण खरं सांगते, ते पिल्लू उचलून परत टोपल्यात ठेवताना दर वेळी माझा हात थोडा मागं राहायचा.

आमचे हे त्याच हॅचरीत पिल्लांच्या व्हॅनवर ड्रायव्हर. हॅचरीच्या भिंतीला लागूनच आम्हाला खोली दिलेली. सासर रनाळ्याचं. तिथं आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, जेठ-जेठाणी, म्हणजे थोरले दीर-जाऊ, कापसाचं शेत. सणावाराला आम्ही जायचो आणि मी पिशवी भरतानाच परतीचे दिवस मोजायचे. आत्याबाई वाईट नाहीत. त्यांना नातवंड पाहिजे होतं, आणि ज्याला पाहिजे असतं तो कुठंतरी बोट दाखवतो. त्यांनी माझ्याकडं दाखवलं. भगताचा धागा झाला, सोमवार झाले, कुठल्या तरी झाडाची साल दुधात उगाळून झाली. ती साल प्यायल्यावर मला दोन दिवस दुसरंच काही झालं, ते इथं लिहीत नाही.

मागच्याच्या मागच्या वर्षी अक्षय्य तृतीयेला सगळे जेवायला बसलेलो. आत्याबाई पुरणपोळी वाढता वाढता म्हणाल्या,

"रोज रिकामा अंडा फेकस तू. त्यास्नी हाय लागनी तुले. सोडी दे ते काम."

मला काय झालं काय माहीत. पोटात गोडधोड गेलेलं, उन्हानं डोकं तापलेलं. मी म्हटलं, "आत्याबाई, आमनाकडे अंडा रिकामा निंघना ना, ते कोंबडीले कोनी बोलत नही."

"मंग कोनले बोलतस?"

"कोंबडासले. पहिले कोंबडा बदलतस."

मी खरंच धंद्याचं सांगितलं होतं. फार्मवर अंडी जास्त क्लेर यायला लागली की आधी कोंबडे बघतात. म्हातारा झाला का, अंगानं सुटला का, पाय दुखतो का. मग दोन-चार तरणे आणून सोडतात आणि अंडी परत भरायला लागतात. कोंबडी बिचारी तीच. पण हे माझ्या तोंडून निघालं आणि जेठांच्या नाकात कढी गेली. जेठाणीनं तोंडाला पदर लावला. आमचे हे ताटातल्या पोळीकडं असे बघत बसले जशी ती पोळी आता काही बोलणार आहे. आत्याबाई हातातली पोळी तशीच धरून म्हणाल्या,

"व माय! हाई आते मन्हा पोऱ्याले बदलनार शे का?"

परत येताना हे नवापूरपर्यंत मोटारसायकल नुसती पळवत राहिले. पण तिथूनच यांच्या तपासणीचं सुरू झालं. आमच्या डॉक्टरीणबाईंनी माझं सगळं तपासलं होतं, रक्त, सोनोग्राफी, नळ्यांचा फोटो, सगळं बरोबर. त्या दर वेळी म्हणायच्या, यजमानांची एक साधी तपासणी करू या. आणि दर वेळी यजमान बाहेर गाडीवर बसलेले असायचे.

"मले काय व्हयनं शे?" हे म्हणायचे. "दोन पोता एक हाते उचलस मी."

मी म्हणायचे, "फार्मवरला कोंबडा बी दांडगाच दिसतस."

असं महिनोन्महिने चाललं. शेवटी एकदा कुणाला न सांगता आम्ही लॅबमध्ये गेलो. नवापूर केवढं, हे तोंडाला रुमाल बांधून, उन्हाळा आहे असं दाखवत. लॅबवाल्यानं बाटली दिली आणि बाथरूम दाखवलं. बाथरूमचं दार सरळ बसायच्या बाकड्यांसमोर उघडतं. बाकड्यावर साखर तपासायला आलेले म्हातारे बसलेले. हे आत गेले आणि लगेच कोणीतरी दार वाजवलं, "भाऊ, व्हयनं का? मले बी जावानं शे." हे घामानं निथळत बाहेर आले, रिकामी बाटली खिशात, सरळ गाडीवर. मी मागं पळतेय.

मग लॅबवाला दया येऊन म्हणाला, घरून आणा. पण तासाभराच्या आत आणा आणि गरम ठेवा, अंगाजवळ धरून आणा. ऊन नको, थंड नको. मी मनात म्हटलं, हे तर मला पाठच आहे.

तर तो दिवस. सकाळी हे रात्रपाळीवरून आलेले, खोलीचं दार बंद, मी सुट्टी घेऊन बाहेर पायरीवर तांदूळ निवडत बसलेली म्हणजे कुणाला काही वाटू नये. दार उघडलं. यांनी रुमालात गुंडाळलेलं माझ्या हातात दिलं आणि भिंतीकडं बघून म्हणाले, "जाय लवकर. आनि कोनले सांगजो नको." तेवढ्यात हॅचरीतून कोणी हाक मारली म्हणून ते तिकडं गेले. मी बाटली प्लास्टिकच्या पिशवीत घातली, पिशवी ब्लाउजात, पदर घट्ट, आणि रिक्षासाठी निघाले. हॅचरीच्या गेटसमोर पोचले आणि सायरन झाला.

सायरन म्हणजे लाइट गेली आणि जनरेटर उचलत नाही. मशीनचे पंखे बंद. आत हजारो अंड्यांत पिल्लं जिवंत, त्यांच्याच अंगाची गरमी कोंडते आणि ती आतल्या आत शिजतात. सायरन झाला की जो दिसेल त्यानं आत पळायचं, सुट्टी असो काही असो, आणि सगळी दारं उघडायची. गेटवरच्या मावशीनं मला बघितलं. "रेखा! चल चल चल!" हाताला धरून आत.

आत जायचा आमचा नियम म्हणजे आधी अंघोळ. डोक्यावरून. अंगावरचे सगळे कपडे बाहेर, आतले कपडे हॅचरीचे. बाहेरचा रोग आत यायला नको म्हणून. जग बुडालं तरी अंघोळ. मावशी दारात उभी राहून बघते, केस ओले झाले का. आता मी ती बाटली कुठं ठेवू? बाहेर ठेवली तर थंड होते आणि मावशी उघडून बघते, ती आमच्या डब्यातल्या भाज्यासुद्धा उघडून बघते. मी पिशवीचं तोंड दातात धरलं आणि तशीच पाण्याखाली उभी राहिले. मावशी म्हणाली, "तोंडात काय गं?" मी म्हटलं, "ऊं." ती म्हणाली, "दात दुखतो का?" मी म्हटलं, "ऊं ऊं." हसू नका, त्या वेळी मला रडू येत होतं.

हॅचरीच्या गाऊनला खिसे नसतात. दोन्ही हातांनी दारं ओढायची. मी तीन नंबरचं दार उघडलं आणि तो ओला गरम वास अंगावर आला आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अंगाएवढी गरमी! याच्यापेक्षा चांगली जागा अख्ख्या नवापुरात कुठं आहे? दारं उघडेपर्यंत पाच मिनिटं ठेवते. एका खाचेतलं अंडं उचलून शेजारी सरकवलं आणि तिथं बाटली उभी केली, झाकण वर. मी तिला "बस हं" असं पण म्हटलं. मग पळाले बाकीची दारं उघडायला.

लाइट आली. परत आले तर ट्रॉली गायब.

तीन नंबरची अंडी त्याच दिवशी दिव्यावर बघायची होती. रोज मीच बघते हो ती. मलाच आठवलं नाही.

अंधाऱ्या खोलीचं दार ढकललं. आत टेबलाखालचा दिवा लागलेला, टेबलाभोवती सगळ्या बाया गोळा, आणि मधे दिलीपभाऊ. त्यांच्या हातात माझी बाटली. समोर सुमनताई. सुमनताई आमची ट्रॉली ढकलणारी, खालच्या पाड्यातली, वयानं मोठी, घरी दोन लेकरं, नवरा ऊसतोडीला गुजरातेत गेलेला.

"तुझ्या ट्रॉलीत निघाली ना?" दिलीपभाऊ म्हणत होते. "मग काय आभाळातून पडली?"

"भाऊ, देवाशप्पथ, मला काय माहीत नाय. ट्रे उचलला तं अंड्याच्या जागी ही."

"काय कालवलंय यात? कोणी दिलं तुला? त्या दुसऱ्या हॅचरीवाल्यानं? आपली पिल्लं मारायला?"

"नाय भाऊ. मी कशाला मारीन? माझी लेकरं याच पिल्लांवर जगतात."

दिलीपभाऊ माणूस वाईट नाही, पण तासभर सायरनच्या मागं पळून त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं. ते म्हणाले, बघू तरी आहे काय आत, आणि त्यांनी बाटली दिव्यावर ठेवली. देवा. अंधारात ती अशी चमकली. सगळ्या बाया पुढं वाकल्या. माझ्या शेजारी शोभा होती, ती रोजच्या सवयीनं बोलून गेली,

"क्लेर शे वं."

मी गाऊनची बाही तोंडात धरली. हसू पण आलं आणि वाटलं, आता इथंच पडते.

दिलीपभाऊ म्हणाले, "सुमन, तू अंघोळ कर, तुझे कपडे घाल आणि जा. उद्यापासून येऊ नको. शेठला मी सांगतो." सुमनताई गाऊनला हात पुसत राहिली, कोरडेच हात, पुसतच राहिली. आणि दिलीपभाऊ म्हणाले, "वास घेतल्याशिवाय कळायचं नाही," आणि झाकण फिरवायला लागले.

"भाऊ, उघडू नका!"

एवढं मोठ्यानं मी आयुष्यात ओरडले नव्हते.

"का?"

"ते आमच्या ह्यांचं आहे!"

"ह्यांचं काय आहे?"

"तपासणीचं! डॉक्टरनं मागितलंय! मूल होत नाही ना म्हणून!"

आधी कोणालाच कळलं नाही. मग शोभाला कळलं. मग तिच्या शेजारचीला. दिलीपभाऊंना सगळ्यात शेवटी कळलं, आणि त्यांनी बाटली अशी दोन बोटांत धरली जसा विंचू शेपटीनं धरतात. आणि मग जो हशा उठला. बाया भिंतीला टेकल्या, एक खालीच बसली. सुमनताई रडत होती ती रडता रडता हसायला लागली. मी पण हसत असेन. मग मी दाराकडं पाहिलं.

दारात हे उभे. जनरेटर यांनीच चालू केला होता, अंघोळीनं केस ओले, तरी हाताला काळं तेल. लाइट ठीक आहे ना विचारायला आले होते. किती वेळ उभे होते देव जाणे. यांनी माझ्याकडं पाहिलं, बाटलीकडं पाहिलं, आणि मागे वळून निघून गेले.

हशा तिथंच बंद झाला.

तेवढ्यात शेठ आले. सायरन ऐकून गावातून गाडी घेऊन आले होते, अंघोळीनं केस त्यांचेही ओले. दिलीपभाऊंनी त्यांना कानात सांगितलं, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. शेठ गुजराती माणूस, कोंबड्यांच्या धंद्यात केस पांढरे झालेले. मला वाटलं, गेली नोकरी. शेठ म्हणाले,

"तो एमां हसवानुं शुं छे? काय हसता? नर चेक केल्याशिवाय मी पण कोंबड्यांचा फ्लॉक घेत नाही. बेन, किती टाइम झाला?"

मी म्हटलं, "माहीत नाही शेठ."

"अरे तो उभी कसाले? माझी गाडी घे, ड्रायव्हरला सांग. जा!"

मी हॅचरीच्या गाऊनवर, ओल्या केसांनी, शेठच्या गार गाडीत बसून लॅबमध्ये गेले. एसी बंद करायला सांगितलं. लॅबवाल्यानं बाटली पाहिली, विचारलं, कशी आणली? मी खरं खरं सगळं सांगितलं. अंघोळ, मशीन, दिवा. तो बिचारा थोडा वेळ टेबलावर डोकं ठेवून बसला. मग म्हणाला, ताई, उशीर झालाय, हे चालणार नाही, परत द्यावं लागेल.

परत! मी घरी आले तर हे खाटेवर तोंड फिरवून पडलेले. मी पायाशी बसून सांगितलं, चाललं नाही. मला वाटलं, आता हे रनाळ्याला निघून जातात. हे उठले, चपला घातल्या.

"कोठे?"

"लॅबमा." म्हणाले, "आते कोन बाकी ऱ्हायना?"

रुमाल पण बांधला नाही. बाकड्यावर तेच म्हातारे. कोणीतरी दार वाजवलंच. आतून यांचा आवाज आला, "व्हई ऱ्हायनं! दम धरा!" मी बाहेर बसून पदरात तोंड खुपसलं.

रिपोर्टात आलं, कमी आहेत आणि जे आहेत ते सुस्त आहेत. डॉक्टरीणबाईंनी यांना समोर बसवून विचारलं, काय खाता, काय काम करता. मावा, तंबाखू निघाली. मग व्हॅन. आमची व्हॅन जुनी, इंजिन ड्रायव्हरच्या सीटखाली. उन्हाळ्यात चालवून आलं की यांची पॅन्ट मागून अशी तापलेली असते की तिच्यावर पापड भाजेल. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एवढी गरमी चांगली नाही, हे पण एक कारण असू शकतं. तंबाखू बंद, गोळ्या चालू, आणि काही महिने ती सीट सोडा.

मी तिथं बसल्या बसल्या कपाळावर हात मारला. अर्धी डिग्री वाढली की आम्ही सायरन वाजवतो, आणि माझा नवरा रोज इंजिनावर बसून सुरतेला जाऊन येतो.

मी शेठकडं गेले. म्हटलं, ह्यांना थंड खोलीत काम द्या. शेठनी कारण विचारलं नाही, नुसते हसले. मे महिन्यात, नवापूर भट्टीसारखं पेटलेलं, आणि आमचे हे स्वेटर घालून, कानाला मफलर, थंड खोलीत अंड्यांचे ट्रे मोजतायत. बाकीचे ड्रायव्हर दारातून हाक मारायचे, "भो, टाइमावर निंघजो रे बाहेर, नही ते जमी जाशी!" हे आपले ट्रे मोजत राहायचे. व्हॅन यांना फार आवडायची. हायवे, टेपवरची गाणी, ढाब्यावरचा चहा. ते सगळं सोडून माणूस अंड्यांबरोबर थंडीत बसला. मावा सोडला तेव्हा सुपारीसारखे शेंगदाणे चघळायचे. माझ्याशी नीट बोलायला यांना पुष्कळ दिवस लागले. शोभाच्या "क्लेर"चं तर यांना अजून लागतं. मला त्याचं वाईट वाटतं, रोज वाटतं. पण सुमनताई कामावर आहे.

मग राहिले. दिवस राहिले.

सोनोग्राफीला अंधाऱ्या खोलीत झोपवलं आणि पडद्यावर उजेड आला, तशी मी मान उचलून बघायला लागले. चार वर्षं मी अशाच अंधारात दुसऱ्यांची अंडी बघितली. मी विचारलं, "मॅडम, क्लेर तर नाही ना?" त्या म्हणाल्या, काय? मी म्हटलं, काही नाही, काळं दिसतंय का सांगा. त्यांनी बोट ठेवलं. एक ठिपका, आणि तो धडधडत होता. हे बाहेर गाडीवर नव्हते. पडद्याजवळ उभे होते, स्वेटर हातात.

आता पोरगी सहा महिन्यांची आहे. आत्याबाईंना नातू की नात काही पडलेलं नाही, त्या नुसत्या वेड्या झाल्यात. आणि खरी भीती आता आहे. कारण त्यांना यातलं काहीच माहीत नाही. बाटली नाही, रिपोर्ट नाही, थंड खोली नाही. यांनी माझ्याकडून पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतलीय की रनाळ्यात कळता कामा नये. नवापुरात झालं ते झालं, गावात नको. ताई नावं-गावं बदलून छापणार आहेत, म्हणूनच इथं लिहिते. आत्याबाईंनी गावातल्या देवीला नवस केला होता आणि त्यांच्या मते तिथंच काम झालं. या कार्तिकात नवस फेडायचा आहे. गावजेवण आहे. आणि नवस फेडताना पोरीला पदरात घेऊन सगळ्या बायांसमोर मी मोठ्यानं म्हणायचं, "खोट मन्हामा व्हती, माय, तू काढी." आत्याबाई फोनवर रोज पाठ करून घेतात माझ्याकडून.

मी यांना म्हटलं, मी असं कसं म्हणू? हे पोरीला खेळवत होते. खाली बघूनच म्हणाले, "म्हनी टाक ना. तुन्हं काय जास?"

खरंच माझं काय जातं? चार वर्षं ऐकलंय, एकदा स्वतः म्हटलं तर काय झालं. यांनी माझ्यासाठी मफलर गुंडाळून मे महिना काढलाय, भर लॅबमध्ये दारामागून ओरडलेत. एकदा मी यांना सगळ्यांसमोर उघडं पाडलं, दुसऱ्यांदा त्यांच्याच गावात पाडू?

पण जेठाणीनं सांगितलं, त्या दिवशी गावातल्या सुना ओट्या घेऊन येणार आहेत. ज्यांना अजून काही नाही त्या. माझ्यामागं रांगेत उभ्या राहणार, माझं ऐकणार आणि तेच घरी घेऊन जाणार. त्यातल्या एकीला तर होळीपर्यंत मुदत दिलीय, नंतर माहेरी पाठवणार म्हणतात. आणि त्यांचे नवरे देवळाबाहेर गाड्यांवर बसलेले असणार. ते मला न बघताच दिसतंय.

सुमनताईच्या वेळी अंधाऱ्या खोलीत मला विचार करायला वेळच नव्हता म्हणून तोंड उघडलं. आता वेळ आहे, तेच वाईट. पोरगी दूध पिता पिता झोपते आणि मी तिच्याकडं बघत दोन्ही वाक्यं म्हणून बघते, एक आत्याबाईंनी शिकवलेलं आणि एक खरं, आणि दोन्ही अर्ध्यातच सोडते.

बायांनो, तुम्ही वाचलंत ना सगळं. पदरात पोरगी, मागं नवरा मान खाली घालून, बाजूला त्या सुना, आणि कानाशी सासू, "म्हन वं, म्हन!" तुम्ही माझ्या जागी असतात तर काय केलं असतं?